सराट्यांच्या गावात रेसचे टायर

पत्र:

नमस्कार. मी ४६ वर्षांचा, जुळे सोलापुरात राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात विव्हिंग सुपरवायझर आहे. वजन ७८ किलो. ॲल्युमिनियम फ्रेमची, रिम ब्रेकची रोड बाईक आहे. तिच्यावर घेताना आलेले ७००×२५ चेच टायर अजून आहेत. पहाटे तुळजापूर रोडला जातो, रविवारी मोहोळ किंवा अक्कलकोट. पंक्चरनी जीव नको केलाय. डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची इच्छा आहे. ग्रुपमधला एक जण म्हणतो, रेसचे टायर टाक, वेग ताशी दोन किलोमीटरनं वाढेल. दोन टायरचे साडेदहा हजार सांगितलेत. दुसरा म्हणतो, आपल्याकडे असले टायर म्हणजे सराट्यांना आमंत्रण, जाडजूड टाक. तिसऱ्याचं एकच, ट्यूबलेस कर. हवा मी ११० पीएसआय भरतो, टायर कडक तर सायकल हलकी पळते म्हणून. उन्हाळ्यात टायर फुटेल का, ही धास्ती आहेच. घरी विषय काढला तर ‘तेवढ्यात चार बर्नरची शेगडी येते’ असं उत्तर मिळालं. काय करू?
— एक सायकलवाला, जुळे सोलापूर

उत्तर:

शेगडीच्या प्रश्नात मी पडत नाही, तो तुमच्या घरचा मामला. टायरचं मात्र सविस्तर सांगतो. तुमच्या तिन्ही मित्रांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण तिघांचंही ऐकलंत तर साडेदहाचे वीस हजार होतील.

निकाल आधीच सांगून टाकतो. पुढच्या चाकाला रेसचा टायर घ्या, मागच्याला बारमाही वापराचा मधल्या ताकदीचा. फ्रेममध्ये बसत असतील तर दोन्ही २८ मिलिमीटरचे. २८ मध्ये हवा ८० च्या वर नाही. ट्यूबलेस या सायकलीला नको. आता कारणं.

हवेपासून सुरुवात करू, कारण तिला पैसे पडत नाहीत. ११० चा आकडा तुम्ही बहुधा टायरच्या बाजूवर वाचला असेल. तिथं छापलेला असतो तो कमाल दाब, म्हणजे याच्या वर जाऊ नका एवढाच त्याचा अर्थ. इतकी भरा, असं कंपनी म्हणत नाही. कडक टायर जास्त पळतो हे प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत लोखंडी ड्रमवर खरं आहे. तिथं दाब वाढवत जाल तसा टायरच्या फिरण्याला होणारा रोध कमी होत जातो. रस्त्यावर तसं होत नाही. खडी वर आलेल्या डांबरावर कडक टायर प्रत्येक खड्याला उडतो, सोबत सायकल आणि तुम्हीही उडता, आणि त्या हादऱ्यांत जी ताकद जाते ती तुमच्याच पायांतून आलेली असते. एका ठरावीक दाबानंतर हवा वाढवली की सायकल जलद वाटते, प्रत्यक्षात मंदावते. हात बधिर होतात, कंबर धरते, ते वेगळंच. आपला तर सगळा इलाखा काळ्या मातीचा. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते, आणि तिच्यावरचा रस्ता दोन-चार वर्षांत लाटा घेतो. अशा रस्त्याला ११० म्हणजे स्वतःच्या मणक्याशी वैर.

तुमचं ७८, सायकल दहाएक किलो, पाणी आणि सामान दोन, एकूण ९० धरू. सध्याच्या २५ च्या टायरमध्ये मागे ९० ते ९५ आणि पुढे ८५ भरून उद्याच बघा. २८ चे आले की मागे ७५ ते ८०, पुढे ७० ते ७५. रस्ता फारच उखडलेला असेल तर दोन्हीकडे पाच कमी. मात्र ६५ च्या खाली जाऊ नका. खड्ड्यात रिम आणि रस्त्याच्या मध्ये ट्यूब चेपते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. पुढे कमी, मागे जास्त का, तर वजनाचा साधारण साठ टक्के भाग मागच्या चाकावर असतो. या सगळ्यासाठी काटा असलेला उभा पंप घरी हवाच. अंगठ्यानं दाबून बघण्याला काही अर्थ नाही, ८० आणि ११० दोन्ही अंगठ्याला दगडच लागतात. साध्या ब्यूटाइल ट्यूबमधूनही आठवडाभरात हवा उतरते, म्हणून निघण्याआधी दर वेळी काटा बघायचा.

आता रुंदी. एकाच दाबाला रुंद टायरचा रस्त्याला टेकणारा भाग आखूड आणि पसरट होतो, अरुंद टायरचा लांबुडका. लांबुडका भाग टेकतो तेव्हा टायरची बाजू जास्त वाकते, आणि वाकण्या-सरळ होण्यातच टायर ताकद खातो. म्हणून तर एकेकाळी २३ वर पळणारे युरोपातले व्यावसायिक रायडर आज २८ आणि त्याहून रुंद टायरवर दिसतात. ते काही आरामासाठी सायकल चालवत नाहीत. तेव्हा ‘काय बे काका, ट्रकचे टायर बसवलेत काय’ असं ग्रुपमधली पोरं म्हणाली तर म्हणू द्या.

पण घेण्याआधी मोजा. रिम ब्रेकच्या जुन्या फ्रेममध्ये २८ बसेलच असं नाही. टायर आणि ब्रेकची कमान, टायर आणि फ्रेमच्या नळ्या, पुढचा फोर्क, सगळीकडे किमान चार मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. चिखलाचा गोळा किंवा टायरला चिकटलेला खडा त्या फटीतून जायला हवा. नाही गेला तर तो रंग खरवडतो किंवा चाक अडकवतो. टायर छापल्या मापाचाच निघतो असंही नाही, रिम आतून रुंद असेल तर तो थोडा जास्त फुगतो. रिमच्या स्टिकरवर ६२२×१७ असं काहीतरी लिहिलेलं असेल, त्यातला १७ म्हणजे आतली रुंदी. पंधरा असो वा सतरा वा एकोणीस, २८ चा टायर बिनधास्त चालतो. नाहीच बसत म्हणालात तर २५ वरच राहा. जगबुडी होत नाही, बाकीचा सल्ला तसाच लागू आहे.

इथं बाजारातला एक घोळ सांगून ठेवतो. साध्या सायकलच्या दुकानात जाऊन ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हणालात तर तुमच्या हातात दूधवाल्याच्या सायकलचा टायर येईल. काळ्या, दणकट, दांड्याच्या सायकलीचा तो २८ इंची, म्हणजे २८×१½. त्याच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, तुमच्या रिमचं ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, कितीही ओढा, जमायचं नाही. म्हणून इंच, ७००सी वगैरे सगळं विसरा आणि टायरच्या बाजूवरचा २८-६२२ हा जोडआकडा वाचा. पहिला रुंदी, दुसरा रिम. हा आकडा खोटं बोलत नाही.

आता तुमच्या धंद्याचा विषय, आणि खरी गंमत इथंच आहे. टायर जलद की मंद हे मुख्यतः रबरावर नव्हे, आतल्या कापडावर ठरतं. त्या कापडाला केसिंग म्हणतात आणि त्याचा दर्जा इंचातल्या धाग्यांवरून सांगतात, म्हणजे टीपीआय. तुम्ही दिवसभर रीड आणि पीकचे, म्हणजे इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांचे, हिशेब करता, तुम्हाला हे समजावून सांगायला नको: धागा जितका बारीक, तितके ते इंचात जास्त बसतात, कापड तलम आणि लवचिक होतं, आणि धाग्यांमधल्या फटी भरायला रबरही कमी लागतं. जाड धाग्याचं केसिंग म्हणजे खरबरीत चादर, घडी घालतानाही अडते. बारीक धाग्याचं, हातातून सुळकन जाणाऱ्या मलमलीसारखं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायर एकदा चेपतो, एकदा फुलतो. जे कापड सहज वाकतं ते घेतलेली ताकद बरीचशी परत देतं. अडून बसणारं कापड तिची उष्णता करून टाकतं.

फक्त एक गोष्ट तुम्हाला चमत्कारिक वाटेल. टायरचं केसिंग विणलेलं नसतं. ताणा आहे, बाणा नाही. सगळे धागे एकाच दिशेनं, रबरात बसवलेले, आणि असे थर एकमेकांना तिरपे टाकलेले, साधारण ४५ अंशांत. सुरुवातीच्या काळात टायरला चक्क विणलेलं कॅनव्हास वापरत असत. पण चाक फिरताना उभे आणि आडवे धागे एकमेकांना घासत, आणि टायर आतूनच स्वतःला कापत जाई. म्हणून आडवा धागा गेला. मागावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून चैन पडणार नाही, पण तसंच आहे.

आणि इथंच जाहिरातीतली एक चलाखी ओळखायची. कॉन्टिनेंटलच्या ग्रां प्री ५००० वर ३३० टीपीआय लिहितात. ते ११० चे तीन थर मिळून. व्हिट्टोरियाच्या कॉर्सा मालिकेतल्या सुती केसिंगच्या टायरचा ३२० हा वेगळा हिशेब, तिथं धागाच खरोखर बारीक. दोन्ही टायर उत्तम आहेत, दोन्हींवर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या गेल्यात. पण पाकिटावरचे हे दोन आकडे शेजारी ठेवून ३३० मोठा म्हणून भारी, असं ठरवू नका. तुम्ही तरी थर मोजून काउंट सांगाल का?

मग वेग किती वाढतो? हिशेब करू. टायरच्या रोधाचा एक गुणांक असतो. साध्या डांबरी रस्त्यावर चांगल्या रेसिंग टायरला तो साधारण ०.००४ धरा आणि काट्यांपासून संरक्षण देणाऱ्या जाड टायरला ०.००६५. एकूण वजन ९० किलो, वेग ताशी २५. गुणाकार केला की रेसिंग टायरला सुमारे २५ वॅट लागतात, जाडला ४०. पंधरा वॅट वाचले. सपाट रस्ता आणि वारा पडलेला असेल तर त्यात ताशी एक-दीड किलोमीटर मिळतात. म्हणजे तुमच्या मित्रानं दोन सांगितले ते जाड टायरशी तुलना करूनही जरा चढवूनच, आणि तुमचे सध्याचे टायर काही इतके जाड नाहीत, त्यामुळे तुम्हाला फरक याहून कमीच दिसेल.

तरी दीड धरू. २०० किलोमीटरमध्ये पंचवीस-तीस मिनिटं वाचली. आता सांगा, पहाटेच्या अंधारात, मोबाईलच्या उजेडात, मागचं चाक काढून काटा शोधून ट्यूब बदलायला किती वेळ लागतो? घाई न करता पंधरा मिनिटं. दोन पंक्चर झाली की सगळी कमाई गेली, वर हात काळे. शिवाय २०० च्या बीआरएमला वेळ मिळतो साडेतेरा तास. तुमच्या वेगानं आठ-साडेआठ तास चालवणं, बाकी चहा, जेवण आणि वाटेतल्या तपासणीचे शिक्के. वेळेची तुम्हाला अडचणच नाही. तुम्हाला हवंय ते दीडशे किलोमीटरनंतरही पाय आणि हात शाबूत राहणं, आणि सायकल उलटी करून रस्त्याकडेला न बसणं.

म्हणूनच पुढे एक आणि मागे दुसरा. पंक्चर मागं जास्त होतात. वजन तिथं जास्त, आणि पुढच्या चाकानं आडवा पडलेला काटा उभा केला की मागचं चाक त्याच्यावर जातं. झिजतोही तोच लवकर. म्हणून मागे ग्रां प्री फोर सीझनसारखा टायर घ्या. त्यात ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, व्हेक्ट्रान या चिवट धाग्याचा दुहेरी पट्टा असतो आणि बाजूंनाही जाळीचं कवच. दुसऱ्या कंपन्यांचे याच जातीचे टायर आहेत, ते दुकानात असतील तर तेही चालतील. पुढे मात्र रेसचा. तिथं मऊ रबराची पकड कामाला येते. ओल्या वळणावर मागचं चाक सरकलं तर माणूस सावरतो, पुढचं सरकलं तर जमिनीवरच. प्रामाणिकपणे सांगायचं तर पुढच्या चाकावर वजन कमी असल्यानं पंधरा वॅटपैकी तिथले सहाच वाचतात. मागच्या मधल्या टायरनं आणखी चार-पाच. दहाएक वॅट पदरात पडतात आणि पंक्चरही आटोक्यात राहतात. हा सौदा मला पटतो.

आणि गेटरस्किनसारखे पूर्ण चिलखती टायर? पुण्या-मुंबईत रोज ऑफिसला सायकलनं जाणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. तुम्ही चालवता आनंदासाठी. त्यांच्यावर बसलं की रस्ता लाकडी वाटतो, आणि पावसात त्यांच्या पकडीवर माझा फारसा भरवसा नाही.

नक्षीविषयी कोणी डोकं खाल्लं तर लक्ष देऊ नका. मोटारीच्या टायरला पाणी बाहेर फेकायला खाचा लागतात. सायकलचा टायर इतका अरुंद आणि वेग इतका कमी की तो पाण्यावर तरंगतच नाही. गुळगुळीत टायर ओल्यातही उत्तम धरतो. पकड रबराच्या जातीत असते.

आता सराटे. कुठलाही टायर घेतलात तरी यांच्याशी गाठ आहेच, कारण पावसाळा संपला की बांधावर आणि रस्त्याच्या कडेला पसरलेल्या त्या पिवळ्या फुलांच्या वेली वाळतात आणि दिवाळीनंतर त्यांचे काटे सुटे होऊन पसरतात. नेमकी बीआरएमची वेळ. त्यात कारखान्यांचा हंगाम सुरू असतो. ऊसगाड्यांच्या बैलांना मारलेल्या पत्रीचे खिळे रस्त्यावर गळतात, आणि हायवेच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या केसासारख्या तारा पडलेल्या असतात. सराटा निदान दिसतो तरी. तार दिसत नाही, आणि ती कुठल्याही पट्ट्यातून आरपार जाते, कारण तिला जायला जागा किती लागणार! वेड्या बाभळीचा काटा तर लांबीच्या जोरावर जातो. तेव्हा ‘पंक्चरप्रूफ’ शब्दावर पैसे उधळू नका.

सवयी बदलल्या तर निम्मी पंक्चर टळतात. पांढऱ्या पट्टीच्या पलीकडच्या धुळीत शिरू नका. गाड्यांची चाकं जिथवर रस्ता झाडून नेतात त्या पट्ट्याच्या कडेनं चाला, आरशात बघत. हिप्परगा तलावाशी फोटोसाठी किंवा भाकरी-चटणी सोडायला थांबलात तर सायकल ढकलत गवतात नेऊ नका. उचला. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त सराटे असेच लागतात, चालताना नव्हे, थांबताना. परत निघताना दोन्ही चाकं एकदा हातात फिरवून बघा. सराटा बहुतेक वेळा पहिल्याच फेऱ्यात आत जात नाही, टायरला चिकटून बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा रुततो. वेळेत उपटलात तर वाचलात. काही जण चालत्या चाकावर हातमोजा धरून झाडतात. मागच्या चाकाला ते करू नका, हात चाक आणि फ्रेमच्या मध्ये ओढला जातो.

पंक्चर झालंच, तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फिरवायला टेरी टॉवेलचा तुकडा खिशात ठेवा. तुमच्याकडे चिंध्यांना तोटा नाही. टॉवेलचे फुंदे बारीकशा तारेलाही अडकतात, बोटाला ती कळतही नाही आणि कळली तर रक्त काढूनच कळते. काटा आत तसाच ठेवून नवी ट्यूब टाकणारे शूर लोक मी पुष्कळ पाहिलेत. दहा मिनिटांनी ते पुन्हा खाली वाकलेले असतात.

ट्यूबलेसवाल्या मित्राचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. सराट्याएवढं छिद्र आतला द्रव, म्हणजे सीलंट, चालता चालता बुजवतो, आपल्याला कळायच्या आत. आपल्या भागासाठी ही पद्धत खरंच चांगली. पण तिला ट्यूबलेससाठी बनवलेलीच रिम लागते, हवाबंद टेप आणि वेगळा वॉल्व्ह लागतो. तुमच्या रिमवर ट्यूबलेसचा उल्लेख नसेल तर टेप गुंडाळून जुगाड करू नका. टायरची कड सुटली की टायर एका क्षणात रिमवरून उतरतो. शिवाय सीलंट आपल्या उन्हाळ्यात भराभर वाळतो. थंड देशातल्या बाटलीवर दोन-तीन महिने लिहिलेलं असलं तरी इथं एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला उघडून बघावं लागतं. पुढेमागे नवी चाकं घेतलीत तर ट्यूबलेसची घ्या. त्यात हुकलेस, म्हणजे आतून कड नसलेली रिम आली तर तिची मर्यादा आठवा: ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, आणि टायरही तिच्यासाठी मंजूर असलेलाच. तुमच्या वजनाला २८ चा टायर तिथं अपुरा पडेल, ३० किंवा ३२ लागेल.

तोवर मधला मार्ग आहे. ज्याच्या वॉल्व्हचा आतला भाग स्क्रूसारखा निघतो अशी ब्यूटाइल ट्यूब घ्या आणि तिच्यात वीस-तीस मिलिलिटर सीलंट घाला. ट्यूबलेसइतकं चांगलं नाही, पण सराट्याला पुरतं. सायकल उभी करताना वॉल्व्ह तळाशी येऊ देऊ नका, नाहीतर द्रव तिथं साचून वॉल्व्ह चोंदतो. लॅटेक्सच्या ट्यूब वेगाला छान, पण रोज सकाळी हवा मागतात. टीपीयूच्या प्लास्टिकसारख्या ट्यूब वजनाला ब्यूटाइलच्या निम्म्याहून कमी आणि खिशात मावतात, म्हणून जादाची म्हणून एक ठेवायला हरकत नाही. मात्र रिम ब्रेकला रिम तापते, आणि काही टीपीयू ट्यूब त्यासाठी चालत नाहीत. पाकीट वाचा.

उन्हाची धास्ती आता निस्तरू. तापलं की हवा पसरते, हे खरं. पण किती? पहाटे २५ अंशांत ८० भरलीत आणि उन्हात टायर ५५ अंशांवर गेला, तर दाब ९० च्या आत-बाहेर होतो. चांगल्या टायरला त्याचं काहीच नाही. तुमचे ११० मात्र १२२ होतात, आणि ते छापलेल्या मर्यादेच्या पलीकडे. भर दुपारी धाडकन फुटलेल्या टायरांची खरी कारणं बहुतेक वेळा दुसरीच निघतात: ट्यूब टायरच्या कडेखाली चिमटलेली, किंवा टायरची बाजू जुनी होऊन तडकलेली, आणि ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. रबराचे खरे शत्रू दोन, ऊन आणि ओझोन. सायकल गच्चीवर ठेवू नका. जादाचे टायर कारखान्यात मोटारींजवळ तर मुळीच नको. विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि टायर न वापरताच त्याला बारीक भेगा पडतात.

विकत घेताना एवढंच बघा. नावाजलेल्या रेसिंग टायरच्या नकला ऑनलाइन सर्रास मिळतात. निम्म्या किमतीला दिसला की तो टायर नव्हे. बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. घडी होणारा घ्या, तारेच्या कडेचा नको. वजन थोडं वाचतं, पण मुख्य म्हणजे चांगलं केसिंग घडीच्याच टायरला असतं.

नवे टायर बीआरएमच्या आदल्या रात्री चढवू नका. महिनाभर आधी चढवा. नव्या रबरावर साच्यातून येणारा निसरडा पापुद्रा असतो, तो जाईपर्यंत पहिले वीस-तीस किलोमीटर वळणं जपून. चढवताना ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून घ्या. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरुवात करून वॉल्व्हपाशी संपवा, आणि चढलेली कड सतत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत राहा. शेवटचा वीतभर घट्ट भाग अंगठ्यांनीच चढतो. लिव्हर घातलात की नवी ट्यूब कापलीच म्हणून समजा. मागचा टायर झिजला की मागे त्याच जातीचा नवा घाला. जुना पुढे कधीच नेऊ नका, झिजलेला टायर पुढे म्हणजे ब्रेक दाबताना नशिबाची परीक्षा. कॉन्टिनेंटलच्या टायरवर दोन बारीक खळगे असतात; ते बुजले की टायर संपला.

बीआरएमच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, दोन लिव्हर, छोटा पंप, टॉवेलचा तुकडा. टायरलाच चीर गेली तर दहाची नोट चार घड्या करून ट्यूब आणि टायरच्या मध्ये ठेवा. आपल्या नोटा सुती असतात, घरी पोचवतात. आणि एक पितळी अडॅप्टर, तुमच्या बारीक वॉल्व्हवर बसणारा. किमतीला किरकोळ, पण तो नसेल तर तामलवाडीच्या पुढे भेटणारा पंक्चरवाला तुमच्या वॉल्व्हकडे बघून मान हलवेल. असेल तर त्याचा ट्रकचा कॉम्प्रेसर वापरता येतो, फक्त नळी त्याच्या हातात देऊ नका. स्वतः धरा आणि दोन-दोन सेकंदच दाबा. ट्रकच्या हिशेबानं त्यानं एकदा दाबली की तुमची ट्यूब गेलीच.